बारा व्हायलींचा डोस

आमच्या आयसीयूतल्या एका पेशंटचं, काकांचं, वजन ६० किलो. सायनसमधलं म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) मेंदूच्या आवरणापर्यंत पोचल्याचं एमआरआयमध्ये दिसलं आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी या, चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेल्या बुरशीनाशक औषधाचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅमवरून १० वर गेला. म्हणजे रोज ६०० मिलिग्रॅम, ५० च्या १२ व्हायली, म्हणजे कुप्या. प्रत्येकीत १२ मिली स्टेराइल वॉटर घालायचं, अर्धा मिनिट जोरात हलवायचं, फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. सलाइन चुकूनही नाही, औषधाचा साका बसतो. गंमत अशी, की किडनी जपायला आधी सलाइनच चढवतात. म्हणून मध्ये लाइन डेक्स्ट्रोजने धुवायची. आयसीयूत नव्याने आलेल्या सिस्टरना मी व्हायलीवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायला लावते. साधं, म्हणजे लायपोसोमल नसलेलं ॲम्फोटेरिसिन या मापाने गेलं तर पेशंट दगावू शकतो; त्याची कमाल मर्यादा किलोमागे दीड मिलिग्रॅम.

त्या दिवशी पंप सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, काकांनी कंबर घट्ट धरली. चेहरा लालबुंद, धाप लागलेली. पंप बंद केला, डॉक्टरांना हाक मारली, अँटिहिस्टामिन दिलं. ओसरल्यावर हळू गतीने पुन्हा सुरू. दिसायला भयंकर, पण मला धास्ती असते ती किडनीची.

दुपारी रिपोर्ट आला. किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन ०.९ वरून १.९, पोटॅशियम फारच कमी, २.४. मॉनिटरवर मधूनच वेडावाकडा ठोका. सेंट्रल लाइनमधून पोटॅशियम सकाळपासून चालू होतं, तरी आकडा हलेना. हे औषध बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिला भोकं पाडतं. आपल्या किडनीच्या नलिकांनाही ते सोडत नाही, आणि क्षार लघवीवाटे वाहून जातात. मॅग्नेशियम तपासलं तर तेही कमी, १.१. ते भरून निघेपर्यंत किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, कितीही ओता. मॅग्नेशियम चढवलं, तेव्हा कुठे रात्री पोटॅशियम ३.१ झालं आणि ठोके सरळ पडू लागले.

काकांचा मुलगा दारातच थांबलेला. "सिस्टर, डोस अजून वाढवला तर लवकर बरे होतील ना?" हे सगळेच विचारतात, आणि त्यात चूक काहीच नाही. मी त्याला राउंडवर आलेल्या डॉक्टरांसमोर उभं केलं. त्यांनी २००७ च्या एका चाचणीचं सांगितलं. तिच्यात बहुतेक रुग्ण ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे होते. ३ आणि १० मिलिग्रॅमची तुलना झाली, तर गुण जवळपास सारखाच आणि किडनीचा त्रास मात्र १० वाल्यांत दुपटीहून जास्त. "मेंदूकडे गेलेल्या म्युकरला आम्ही १० देतो, कारण तिथे धोका मोठा आहे. पण याच्या वर जाण्यात अर्थ नाही. ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते. मेलेल्या भागात रक्त नाही, मग औषध पोचणार कसं? तो कापूनच काढावा लागेल."

मुलाने संमतीच्या कागदावर सही केली. सकाळी ईएनटीची टीम काकांना घेऊन गेली. थिएटरच्या दारात भूलतज्ज्ञांनी पहिला प्रश्न पोटॅशियमचाच विचारला. ३.६ होतं.