वृश्चिकेतला बहुरूपी

आज सुट्टी, त्यात बाहेर पावसाची झड. दिवसभर एआर स्कॉर्पी या ताऱ्याच्या तेजाच्या आलेखांत डोकं खुपसून बसले.

वृश्चिकेतला हा तारा १९७० च्या दशकात डेल्टा स्क्युटी, म्हणजे आकुंचन-प्रसरणामुळं तेज कमी-जास्त होणारा साधा तारा, म्हणून नोंदला गेला आणि पुढं कुणी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. २०१५ मध्ये युरोपातल्या हौशी निरीक्षकांना त्याचं वागणं खटकलं. (हौशी मंडळींना कमी लेखणाऱ्यांनी हे वाचावंच!) मग रेडिओपासून अतिनीलपर्यंत सगळीकडून तपासणी झाली. निघालं काय, तर श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा) आणि तांबड्या बटूची (छोट्या, थंड ताऱ्याची) जोडी, ३.५६ तासांत एकमेकांभोवती फिरणारी.

आलेख मोठा करून पाहिला. दर १.९७ मिनिटांच्या आवर्तनात दोन शिखरं, एक उंच, एक ठेंगणं. हाच ठेका रेडिओतही दिसतो, आणि माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे. नुसत्या तापलेल्या पृष्ठभागाकडून अशी रेडिओ स्पंदनं येत नाहीत. त्याला चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारे इलेक्ट्रॉन लागतात.

२०२३ मध्ये अशीच दुसरी जोडी सापडली, जे१९१२-४४१०. जुन्या सूच्यांमधले आणखी काही 'साधे' तारे आता उपसून बघणार आहे. कुणी येतंय का जोडीला?