अमरिलोला नको, शॅमरॉकला थांबा

मे महिन्यात वादळं बघायला डॅलसहून टेक्सस पॅनहँडलकडे, म्हणजे टेक्ससच्या उत्तर टोकाकडे निघालो, तेव्हा गाडीतल्या सगळ्यांना अमरिलो गाठायचं होतं. वादळांचा अंदाज देणाऱ्या नॉर्मनच्या सरकारी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या नकाशावर नारिंगी पट्टा तिथवर पोचला होता ना! पण वादळ नेमकं कुठे उठेल हे तो रंग सांगत नाही. एखाद्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत जोरदार वादळ होण्याची शक्यता किती, एवढंच त्यातून कळतं. पुढचं ज्याचं त्याने शोधायचं.

सकाळी सातच्या हवामान बलूनचे आकडे आणि संगणकाचं मॉडेल बघून अंदाज बांधा, पण दुपारनंतर मॉडेलच्या नादी लागू नका. जमिनीवरची निरीक्षणं उघडा. वाटेत चिल्ड्रेसला पेट्रोल भरताना आम्ही तेच केलं. शॅमरॉकला दवबिंदू ६६ फॅरनहाइट, म्हणजे हवा दमट, वारा आग्नेयेचा. त्याच्या पश्चिमेच्या अमरिलोला दवबिंदू चाळिशीच्याही खाली, म्हणजे हवा कोरडी, वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे ड्रायलाइन, दमट आणि कोरड्या हवेची सीमा, या दोन गावांच्या मधे. ढग तिच्यावर उठतात आणि पूर्वेकडे सरकतात, त्यामुळे अमरिलोला गेलो असतो तर वादळाची पाठ बघत बसलो असतो. ८३ नंबरचा रस्ता धरून सरळ शॅमरॉकला गेलो.

मग नुसती वाट बघणं. आपल्याकडच्या वळवासारखं दिवसभर तापलं की संध्याकाळी कोसळेलच, असं इथे नसतं. तीनेक किलोमीटरवर गरम हवेचा थर झाकण घालून बसलेला असतो. मे महिन्यात ७०० मिलिबारला, म्हणजे साधारण याच उंचीवर, १२ सेल्सिअसच्या वर तापमान असेल तर ते फुटणं अवघड, असा ढोबळ ठोकताळा आहे. चार वाजेपर्यंत ढग वर चढायचे आणि चपटे होऊन विरायचे. बरोबरची मंडळी वैतागली. मला मात्र हेच बरं वाटत होतं: झाकण लगेच फुटलं की सगळीकडे वादळं उठून एकमेकांत मिसळतात आणि बघण्यासारखं काही उरत नाही.

साडेपाचच्या सुमाराला पश्चिमेला एकच ढग फुलकोबीसारखा उसळला. अर्ध्या तासात त्याचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरला, आमच्या पाठीमागून दमट वारा थेट त्याच्याकडे ओढला जाऊ लागला आणि काळ्या सपाट तळाखाली एक तुकडा लोंबून हळूहळू फिरू लागला. टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा, उतरला नाही. तरी सुपरसेल, म्हणजे असं फिरणारं मोठं वादळ, बघायची हौस फिटली!

वादळाच्या आग्नेयेला राहा. गारा बहुतेक उत्तरेच्या अंगाला पडतात. पाऊस झाल्यावर लाल मातीच्या रस्त्यात गाडी घालू नका. या भागात नद्यांवर पूल मोजकेच आहेत, तेव्हा दक्षिणेकडे पळायचा रस्ता आधीच ठरवून ठेवा. वादळ अचानक वळतंही. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद झाला आणि त्यात टिम सॅमारास यांच्यासारखा वादळांच्या मागे जाण्यात मुरलेला माणूस गेला. अंधार पडला की गाडी वळवा. हॉटेल आधी बुक करू नका. रात्री कुठल्या गावात असाल ते दुपारी चारपर्यंत तुम्हालाही माहीत नसतं.