ऑयस्टर बे अभयारण्याला लेस्टर वोल्फ यांचं नाव लागलं, तेव्हाचा माझा अनुभव

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड बेटावर सायोसेट गावाच्या आसपास राहणाऱ्याला 135 नंबरचा रस्ता चुकत नाही. दक्षिणेला सीफर्डहून निघतो आणि आमच्या गावात जेरिको टर्नपाइकपाशी येऊन संपतो. लोक त्याला सीफर्ड-ऑयस्टर बे एक्सप्रेसवे म्हणतात, पण ऑयस्टर बेपर्यंत तो कधी पोचलाच नाही. एवढा रुंद रस्ता असा मध्येच का थांबला, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या शेजारच्या आजींकडून. त्या इथल्याच. तरुणपणी त्या पुलाच्या विरोधातल्या सभांना गेल्या होत्या.

‘पूल’ म्हणजे रॉबर्ट मोझेस यांचा पूल. मोझेस कधी निवडून आले नाहीत, तरी न्यूयॉर्कचे निम्मे हायवे, पूल आणि बागा त्यांच्या हुकमाने झाल्या. 1960च्या दशकात त्यांनी ठरवलं की हा रस्ता उत्तरेला ऑयस्टर बेपर्यंत न्यायचा आणि तिथून लाँग आयलंड साउंडच्या, म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्राच्या, पाण्यावर सहा मैलांहून लांब पूल बांधून पलीकडच्या राय गावी उतरवायचा. खाडीच्या काठची गावं हादरली. त्यांनी नुसते मोर्चे काढले नाहीत. 1968 साली टाऊन ऑफ ऑयस्टर बेने, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाने, आणि काठावरच्या गावांनी आपल्या मालकीचा खाडीचा तळ आणि दलदल केंद्र सरकारला अभयारण्यासाठी देऊन टाकली. सुमारे 3,200 एकर, बहुतेक सगळं पाणीच. एकदा ते केंद्राचं अभयारण्य झाल्यावर तिथे खांब रोवायला केंद्राची परवानगी लागणार होती, आणि ती सहज मिळणार नव्हती. या लढ्यात वॉशिंग्टनमधून बळ दिलं ते लेस्टर वोल्फ यांनी. डेमोक्रॅट, 1964 साली निवडून आलेले, 1965 ते 1981 हाउसचे, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे, सदस्य. 1973 साली गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी पुलाचा नाद सोडला.

मी मूळचा उरणचा. पाणथळ जागेवर भराव पडला की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. पाणजेच्या बाजूला लहानपणी जिथे पक्षी पाहिले, तिथे नंतर मातीचे डंपर पाहिले. म्हणून ऑयस्टर बेची ही हकीकत ऐकल्यावर मी हिवाळ्यात मुद्दाम तिकडे जायला लागलो. जानेवारीत वेस्ट शोअर रोडवर गाडी बाजूला घेऊन उभं राहिलं की स्कॉप बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर तरंगताना दिसतात. त्यांच्या कडेने बफलहेड. मुठीएवढं काळं-पांढरं बदक. बुडी मारली की श्वास रोखून बघावं लागतं कुठे वर येतंय ते. जवळच सॅगमोर हिल, म्हणजे थिओडोर रुझवेल्ट यांचं घर. याच माणसाने 1903 साली फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंडला देशातलं पहिलं अभयारण्य केलं. त्यांच्या अंगणासमोरची खाडी पुलाखाली जाता जाता वाचली.

2019च्या सुरुवातीला कळलं की आमचे हाउस सदस्य टॉम स्वोझी यांनी बिल मांडलंय, एच. आर. 263. ऑयस्टर बे अभयारण्याला ‘काँग्रेसमन लेस्टर वोल्फ’ यांचं नाव द्यायचं. लाँग आयलंडचेच, पण रिपब्लिकन असलेले पीटर किंगही सोबत होते. वोल्फ त्या जानेवारीत शंभर वर्षांचे झाले होते.

खरं सांगायचं तर नेत्याचं नाव द्यायचं म्हटलं की मी आधी हात आखडतो. आपल्याकडे नेत्यांच्या नावांच्या चौकांतच आयुष्य गेलंय. पण इथली गोष्ट वेगळी होती. ज्याने काही बांधलं त्याचं नाव त्या वास्तूवर लागतं. ज्याने एखादी गोष्ट होऊ दिली नाही, त्याचं नाव कुठे लावणार? ऑयस्टर बेच्या काठावर उभं राहिलं तर पाणी दिसतं, बदकं दिसतात, न झालेला पूल दिसत नाही. पन्नास वर्षांनी नवीन माणसाला वाटणारच की हे असंच होतं, आपोआप. ती माहिती पाटीवर असली पाहिजे, आणि वोल्फ यांना स्वतःच्या डोळ्यांनी ती बघता आली तर फारच चांगलं. मी पत्र लिहायला बसलो ते या दोन कारणांसाठी.

पत्र लिहिण्याचीही एक रीत आहे. बिलाचा नंबर पहिल्या ओळीत. आपला पूर्ण पत्ता, म्हणजे आपण त्याच मतदारसंघातले आहोत हे कार्यालयातल्या माणसाला लगेच कळतं. मग एकच मुद्दा, आणि तो आपल्या शब्दांत. तयार मजकुराची शंभर पत्रं एका ढिगात मोजली जातात, स्वतः लिहिलेलं पत्र निदान कुणीतरी वाचतं. मी रस्त्याबद्दल लिहिलं: मी रोज 135 जिथे संपतो तिथून जातो, आणि तो तिथे संपतो म्हणून माझ्या मुलीला बफलहेड माहीत आहे. आजींनी त्यांचं पत्र हाताने लिहिलं, दोन पानं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: ‘आम्ही तेव्हा तरुण होतो आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही हरणार.’

मग मराठी मंडळींकडे वळलो. हिक्सव्हिलला आमचं महिन्याचं भेटणं असतं. तिथे विषय काढला तर एक काका म्हणाले, “अरे, आपल्याला काय त्याचं? आपण बाहेरचे.” मी म्हटलं, “काका, टॅक्स टाऊन ऑफ ऑयस्टर बेलाच भरता ना? खाडी तुमचीपण झाली.” कुणी म्हणालं, मी अजून ग्रीन कार्डवर, मला मत नाही. मत नसलं तरी पत्र लिहिता येतं. हाउसचा सदस्य आपल्या भागात राहणाऱ्या सगळ्यांचा प्रतिनिधी असतो. हे आपल्या लोकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. काकांनी शेवटी पत्र लिहिलं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं.

यानंतरचा काळ मात्र वाट पाहण्याचा. बिल मांडलं म्हणजे फार तर दहा टक्के काम झालं. आधी हाउसची नॅचरल रिसोर्सेस कमिटी, मग पूर्ण हाउस, मग सिनेट. सिनेटमध्ये अभयारण्यांचा विषय एन्व्हायर्नमेंट अँड पब्लिक वर्क्स कमिटीकडे असतो. हे कळेपर्यंत मी दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयांना नुसतं ‘कृपया पाठिंबा द्या’ म्हणत होतो. कळल्यावर ‘हे बिल तुमच्या अमुक कमिटीकडे येईल, तिथे ते अडू देऊ नका’ असं म्हणायला लागलो. फोन उचलणाऱ्याचा सूर लगेच बदलतो. नेमकं मागितलं की त्याला नेमकं लिहून घेता येतं.

डोक्यावर घड्याळ होतं ते वेगळंच. काँग्रेसची एक मुदत दोन वर्षांची. त्यात दोन्ही सभागृहांतून पास होऊन सही झाली नाही तर बिल मेलं, पुन्हा नव्याने मांडायचं, नवा नंबर, पहिल्यापासून सगळं. 2021च्या जानेवारीत ती मुदत संपणार होती. नाव देण्याच्या बिलाला सहसा कुणाचा विरोध नसतो, पण त्याची घाईही कुणाला नसते, आणि त्यामुळेच अशी बिलं पडून राहतात. त्यात 2020चा मार्च आला. आमच्या नॅसॉ काउंटीत कोविडने जी दाणादाण उडवली, त्यात खाडीच्या नावाबद्दल कुणाला फोन करायचा, या विचाराने मी काही आठवडे गप्प बसलो. उन्हाळ्यात पुन्हा सुरू केलं. तेव्हा आजींनीच आठवण करून दिली: “लेस्टर आता 101 वर्षांचे आहेत, थांबायला वेळ नाही.”

रात्री झोपण्याआधी काँग्रेसच्या वेबसाइटवर बिलाची स्थिती बघायची सवय लागली. बहुतेक वेळा कालचीच ओळ आज. बिल हाउसमधून पुढे सरकलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो, सिनेटमधून निघालं तेव्हा बायकोच ओरडली. 2020 संपायच्या आत सही होऊन त्याचा कायदा झाला.

कायदा इतका छोटा आहे की वाचायला मिनिटही लागत नाही. पहिल्या भागात नवं नाव. दुसऱ्या भागात एवढंच, की कुठल्याही कायद्यात, नकाशात, नियमात, कागदपत्रात जुनं नाव आलं तर ते नव्या नावाने वाचायचं. हा दुसरा भाग मला फार आवडला. म्हणजे 1968चे जुने कागद कुणी बदलायचे नाहीत, तरी त्या सगळ्यांमध्ये वोल्फ यांचं नाव आपोआप आलं.

काय बदललं नाही, तेही सांगायला हवं. नावाने अभयारण्याची हद्द एक इंचही वाढली नाही. नवा पैसा आला नाही, नवा कर्मचारी आला नाही. कारभार पूर्वीसारखाच फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे, लाँग आयलंडवरच्या बाकीच्या अभयारण्यांसोबत शर्लीहून चालतो. खाडीत पावसाचं पाणी रस्त्यावरची घाण घेऊन येतं, लॉनवरच्या खतांचा नायट्रोजन येतो, कालवांचं आरोग्य त्यावर अवलंबून आहे. ते काम तसंच पुढे आहे, आणि त्यासाठीही पत्रंच लिहावी लागणार. मला मात्र हे सगळं करताना कळलं की एकदा कार्यालयातले लोक ओळखायला लागले की पुढचं पत्र लिहिणं सोपं जातं.

साउंडच्या पलीकडच्या किनाऱ्यावर कनेटिकटमध्ये असंच एक अभयारण्य आहे, स्ट्युअर्ट मॅकिनी यांच्या नावाचं. तेही हाउसचे सदस्य होते, रिपब्लिकन. म्हणजे आता एकाच पाण्याच्या दोन काठांवर दोन पक्षांच्या दोन माणसांची नावं आहेत. फिलाडेल्फियाजवळ जॉन हाइन्झ, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत डॉन एडवर्ड्स. यादी मोठी आहे. पण यातल्या प्रत्येकाने त्या जागेसाठी किती केलं, हे विचारायलाच हवं. वोल्फ यांच्या बाबतीत मला ते विचारावं लागलं नाही.

11 मे 2021 रोजी लेस्टर वोल्फ गेले, 102 वर्षांचे होऊन. कायदा झाल्यावर ते काही महिने होते. परदेश धोरणातल्या लोकांना ते 1979च्या तैवान रिलेशन्स ॲक्टसाठी आठवतात. त्यांच्या निधनाच्या बातमीत खाडीचं नावही आलं, ते वाचून आजी म्हणाल्या, “बरं झालं वेळेत झालं.”

यायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च या. बहुतेक भाग पाण्याखाली असल्यामुळे पायवाट शोधू नका. दुर्बीण घेऊन काठावरूनच बघा, किंवा उन्हाळ्यात कयाक घ्या. आणि अंगात जाड कोट हवाच, साउंडवरून येणारा वारा हाडात शिरतो.