आमची वाटचाल : ‘आवश्यक असल्यास’ म्हणजे कधी?

आमचा धंदा काय, हे सांगितलं की लोक आधी हसतात. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका, अर्जाचे नमुने, ‘वापरण्यापूर्वी वाचा’ छापाच्या सूचना हे सगळं आम्ही माणसांना कळेल असं लिहून देतो. सुरुवात दोघांनी केली, आज सात जण आहोत. पहिल्या काही वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मिळेल ते काम घ्यायचं आणि अडकलेल्या बिलांमागे फोन करत बसायचं.

वळण लागलं ते एका विद्यापीठाच्या कला शाखेतून आलेल्या फोनमुळे. इतिहास, साहित्य, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान शिकणारी शेवटच्या वर्षाची मुलं गटाने बारा आठवडे एखाद्या व्यवसायाचा खरा प्रश्न सोडवतात, त्याचे श्रेयांक मिळतात; तुम्ही प्रश्न द्याल का? शिक्षणाला कामाची जोड देण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली ती राबवली, पण अभियांत्रिकीच्या मुलांसाठी. कलेची मुलं कामावर येऊन करणार काय, ही शंका माझ्याही मनात होतीच. तरी हो म्हटलं, ते फुकटात हात मिळतील या लोभाने. आता लपवून काय उपयोग?

पहिला प्रयोग फसला. आम्ही दिलेला प्रश्न होता, ‘आमचा व्यवसाय कसा वाढेल?’ बाराव्या आठवड्यात चाळीस देखण्या स्लाइड आल्या. वरचं नाव बदललं असतं तर कुठल्याही कंपनीला खपल्या असत्या. मुलांना बोल कसा लावणार? तेवढ्या काळात आम्ही त्यांना दोनदा भेटलो होतो. त्यात गट आठ जणांचा, राबणारे दोघं. पुढे मानसशास्त्राच्या एका मुलीने मला मॅक्स रिंगलमन या फ्रेंच अभियंत्याचे दोरी ओढण्याचे प्रयोग सांगितले. १९१३ च्या त्यांच्या लेखात आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या निम्म्यावर येतो. वर ती म्हणाली, “सगळा आळसच नसतो सर, एका तालात ओढणंही जमत नाही.” तेव्हापासून गट चौघांचाच. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपण काय केलं ते चार ओळींत लिहायचं, आणि आमच्यातल्या एकाने आठवड्यातला अर्धा दिवस त्यांच्यासोबत बसायचं.

दुसऱ्या वेळी प्रश्न नेमका दिला. घरी रक्तदाब मोजायच्या यंत्राची पुस्तिका होती आणि ती वाचूनही लोक कंपनीला फोन करत होते. का करतात, ते शोधा.

साहित्याच्या मुलाने पुस्तिका गोष्टीसारखी क्रमाने वाचली. चौथ्या पानावर ‘बटण दाबा’ आणि नवव्या पानावर ‘मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे’. तो म्हणाला, “नववं पान येईपर्यंत वाचणाऱ्याने मोजूनही टाकलंय.” ती पुस्तिका आम्ही तिघांनी तपासली होती, तिघांच्याही नजरेतून हे सुटलं होतं. इतिहासाच्या मुलीने आमच्याकडे नसलेली सवय आणली: मजकूर कोणी, कधी, कोणासाठी लिहिला ते आधी विचारायचं. तीन जुन्या आवृत्त्यांची ठिगळं जोडून ही पुस्तिका झाली आहे, हे तिने दाखवून दिलं. अकराव्या पानावर ‘निळे बटण’ होतं आणि यंत्रावर निळं काहीच नव्हतं.

मानसशास्त्राच्या मुलीने पाच जणांना यंत्र हातात देऊन, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. एका आजोबांनी पट्टा शर्टाच्या बाहीवरून गुंडाळला. चित्रातल्या दंडावरची रेघ त्यांना बाहीच वाटली. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर हवा, हे शेजारीच छापलेलं होतं. ते त्यांनी वाचलंच नाही. तत्त्वज्ञानाची मुलगी तीन आठवडे जवळजवळ गप्प होती. मग एका बैठकीत तिने विचारलं, “‘आवश्यक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’, पण आवश्यक आहे हे ठरवायचं कोणी?” खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी ग्राहक कंपनीच्या डॉक्टरांकडून नेमके आकडे मागवले आणि ते वाक्य काढून टाकलं.

सगळं गोड नव्हतं. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की चौघांचेही हात थंड पडायचे. एकाने भेटीची वेळ मागायला दोन पानी ईमेल लिहिला. मी तो तीन ओळींवर आणला, तर आठवडाभर रुसला. ग्राहकाच्या कागदांची गोपनीयता त्यांना सही करण्याआधी नीट समजावून सांगावी लागते. पैशांचाही घोळ होताच. मुलांच्या कामाचं बिल आम्ही ग्राहकाला लावायचं आणि मुलांना नुसते श्रेयांक, हे मला पटेनासं झालं. आता त्यांचं काम आमच्या बिलात गेलं तर त्यांना मानधन जातं. हिशेबनीस अजून कुरकुरतो.

तत्त्वज्ञानाची ती मुलगी पदवीनंतर आमच्याकडेच रुजू झाली. गेल्या महिन्यात मी पुढच्या गटासाठी कामाचा तपशील लिहून तिला पाठवला, तो तासाभरात परत आला. ‘शक्य तितक्या लवकर’ याखाली लाल रेघ, आणि समासात एकच शब्द: कधी?