प्रश्नानंतरच्या पांढऱ्या रेषा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गिरगावातील आमची जुनी खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक व्हीएचएस कॅसेट सापडली. तिच्या कडेच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात ‘मुलांची क्विझ, पुसू नये’ एवढेच लिहिलेले होते. तेवढ्यावर त्यांचे समाधान झालेले नसावे, कारण कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा लहानसा तुकडाही त्यांनी मोडून काढला होता. तो मोडला, की व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारे आणि रेकॉर्ड करणारे यंत्र, त्या कॅसेटवर नवे रेकॉर्डिंग करू देत नाही.

टेपवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टचे तीन भाग होते. ही स्पर्धा 1972 साली सुरू झाली आणि रेडिओमुळे घराघरांत पोहोचली. हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांच्या आवाजात आईबाबांच्या पिढीने ती ऐकली होती. झी टीव्ही 1992 साली सुरू झाल्यावर ती पडद्यावर आली आणि डेरेक ओब्रायन प्रश्न विचारू लागले. ताई आणि मी मराठी माध्यमात शिकत होतो आणि कार्यक्रम इंग्रजीत असे, त्यामुळे अर्धे प्रश्न आम्हाला कळेपर्यंत उत्तर देऊन झालेले असे. यावर बाबांनी त्यांच्या परीने तोडगा काढला. ते भाग टेप करून ठेवत आणि रविवारी दुपारी पुन्हा लावत. प्रश्न संपताच पॉजचे बटण दाबून तो मराठीत समजावून सांगत आणि आम्हा दोघांची उत्तरे वहीत लिहून झाल्यावरच पुढे जात. त्या काळी केबलवर मुलांचे कार्यक्रम बरेच लागत, पण आमच्या घरी खेळला गेला तो हाच.

बाबा आता नाहीत, आणि मला ती टेप कोणत्याही परिस्थितीत पुन्हा पाहायची होती. घाईघाईने मी ती जवळच्या एका दुकानात डिजिटल करायला दिली, ही माझी चूक झाली. आठ दिवसांनी हातात आलेल्या डीव्हीडीवर चित्र सतत उड्या मारत होते, आवाज ओठांच्या हालचालीशी जुळत नव्हता आणि टेपच्या सुरुवातीच्या भागाची एक कड चुरगळलेली होती. टेपच खराब आहे, असे मला सांगण्यात आले. घरी येऊन कॅसेटच्या खिडकीतून दिव्याच्या उजेडात पाहिले, तेव्हा टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी भुकटी दिसली. ती बुरशी होती. मुंबईच्या दमट हवेत बंद ट्रंकेतील टेपला ती हमखास लागते, आणि तशी टेप चालवली तर ती व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर बसवलेल्या, चित्र वाचणाऱ्या हेडवर चिकटून चित्र तर बिघडवतेच, शिवाय त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण करते.

त्यामुळे पुढचे सगळे आपणच करायचे, असे मी ठरवले. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात तीन शनिवार हिंडल्यावर एका दुरुस्तीच्या दुकानात चालू स्थितीतला व्हीसीआर मिळाला. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 साली उत्पादन थांबवले. त्यामुळे आता जी यंत्रे आहेत ती जुनीच, आणि त्यांचे रबरी पट्टे सैल पडलेले असतात. दुकानातील काकांनी पट्टा आणि टेप दाबून धरणारा रबरी रोलर बदलून दिला आणि समोर बसवून हेड साफ करायला शिकवले. ‘हेडला कापूस कधी लावू नका, तंतू अडकतो,’ ते म्हणाले. ‘मऊ चामड्याचा तुकडा घ्या, आल्कोहोल लावा, तो ड्रमवर नुसता टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. खालीवर घासलेत तर हेड तुटलेच म्हणून समजा.’ मी दोन वेळा करून दाखवल्यावरच त्यांनी मला यंत्र नेऊ दिले.

टेप साफ करण्याचे काम सर्वांत कष्टाचे ठरले. कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिची दोन्ही रिळे मी एका नव्या कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. त्याआधी गॅलरीत, तोंडाला मास्क बांधून, टेप हाताने सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळत आयसोप्रोपिल आल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडातून ओढली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून अधिक टेप असते. मला त्याला चार संध्याकाळी लागल्या आणि कापडाच्या घड्या करड्या होत गेल्या. चुरगळलेली कड मात्र पूर्ववत झाली नाही. पावसाची सर आली की काम थांबवावे लागे, कारण ओलसर हवेत टेप गुंडाळली तर बुरशीला पुन्हा जागा मिळते.

पुढे संगणकाचे काम होते. जुनी टेप थोडी ताणलेली असते आणि यंत्राचा वेगही किंचित कमीजास्त होतो, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ ठरल्या क्षणी सुरू होत नाही आणि उभ्या कडा थरथरतात. स्वस्तातली कॅप्चर उपकरणे, म्हणजे टेपवरचे चित्र संगणकात उतरवून घेणारी, अशा सिग्नलमधील फ्रेम गाळून टाकतात आणि आवाज व चित्र यांचा मेळ सुटतो तो त्यामुळेच. काकांच्याच सल्ल्याने व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये मी एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. त्यातील सर्किट ओळी स्मृतीत धरून समान अंतराने पुढे सोडते. चित्र 720 बाय 576 आकारात, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने साठवले, आणि त्याला तासाला 30 जीबीहून अधिक जागा लागली. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला 50 अर्धी, म्हणजे एकाआड एक ओळींची, चित्रे येतात, ती नीट जुळवली नाहीत तर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. म्हणून नातेवाइकांना पाठवायची लहान फाइल वेगळी केली आणि मूळ फाइल तशीच ठेवली.

पहिला भाग नीट दिसू लागला तो रात्री अकराच्या सुमारास. गणवेशातील मुलांच्या जोड्या, टाळ्या, समोर डेरेक ओब्रायन, आणि रंग अपेक्षेपेक्षा कितीतरी टवटवीत. पण थोड्या थोड्या वेळाने चित्रावर पांढऱ्या रेषांचा एक झोत येई आणि क्षणात नाहीसा होई. आधी वाटले की हेड पुन्हा बुजले. ते साफ करून पुन्हा लावले, तरी रेषा त्याच ठिकाणी. बुरशीचे डाग म्हणावेत तर ते असे मोजून आल्यासारखे कसे येतील? शेवटी कागद घेऊन मी वेळा लिहीत बसलो, आणि पाचव्या नोंदीला हात थांबला. प्रत्येक झोत प्रश्न संपल्यानंतर लगेच येत होता.

व्हीसीआर पॉजवर असतो तेव्हा टेप जागच्या जागी उभी राहते, पण ड्रम फिरतच असतो, मिनिटाला 1500 वेळा, आणि हेड त्याच एका पट्टीवर घासत राहते. पुन्हा पुन्हा तिथेच थांबवले तर त्या जागेवरचा चुंबकीय थर झिजतो आणि चित्रात तेवढ्यापुरत्या पांढऱ्या रेषा उमटतात. बाबांनी जिथे जिथे बटण दाबून आम्हाला प्रश्न मराठीत सांगितला होता, तिथे तिथे टेप झिजलेली होती. अवघड प्रश्नांनंतरचे झोत लांब होते. एके ठिकाणी तर आवाजही क्षणभर डगमगत होता. तिथे ते बहुधा बराच वेळ बोलत राहिले असावेत.

दुसऱ्या दिवशी नाशिकला ताईला फोन लावून मी तो भाग ऐकवला. प्रश्न संपला, मी थांबवले, आणि तिने पलीकडून उत्तर दिले.

अशा रेषा पुसून शेजारच्या फ्रेममधील चित्र तिथे बसवणारे फिल्टर मिळतात आणि ते चांगले काम करतात. पहिल्या भागावर मी तो चालवून पाहिला, आणि मग ती प्रत काढून टाकली. तिन्ही भाग रेषांसह जपले आहेत, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत ताईकडे. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, गोदरेजच्या कपाटात उभी ठेवली आहे. वही मात्र अजून सापडलेली नाही. खोलीतल्या दोन ट्रंका उघडायच्या राहिल्या आहेत.