तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा लॅपटॉपवर भागतं का?

पुणे-मुंबई गाडीत पुढच्या खुर्चीमागची फळी उघडून मी लॅपटॉप मांडला की कर्जत यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काकू, एवढ्याशावर काम होतं का हो? घ्यावा का असला?" मी मुद्रितशोधक आहे, आठवड्यातून दोनदा या गाडीनं जाते-येते. घाटात बोगदे सुरू झाले की बोलणं तुटतं आणि माझं उत्तर अर्धंच राहतं. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

होतं काम. पण हे कळायला माझा एक लॅपटॉप वाया गेला.

२००७ साली असूस कंपनीचा ईई पीसी हा चिमुकला लॅपटॉप आला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, किलोच्या आत वजन. पाठोपाठ इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि जो तो नेटबुक, म्हणजे असले छोटे, स्वस्त लॅपटॉप, काढू लागला. त्या लाटेत मीही एक दहा इंची घेतला, वेगळ्या कंपनीचा. तो हळू चालायचा, ते मी चालवून घेतलं. पहिली फाईल उघडेपर्यंत चहा व्हायचा, बरंच होतं. मला छळलं ते एका बटणानं.

लहान कीबोर्डवर जागा वाचवायला काही बटणं आखडतात, काही सरकवतात. माझ्या त्या नेटबुकात उजवं शिफ्ट बारीक करून वरच्या बाणाच्या पलीकडे ढकललेलं होतं. इंग्रजी लिहिणारा नुसत्या डाव्या शिफ्टवर निभावून नेईल. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या मांडणीवर. त्यात काना, वेलांटी, मात्रा डाव्या हाताखाली आणि तीच बटणं शिफ्टबरोबर दाबली की आ, ई, ऊ, ए. डावा हात अक्षरात गुंतलेला, म्हणजे स्वरानं सुरू होणारा प्रत्येक शब्द शिफ्ट दाबणाऱ्या उजव्या करंगळीच्या भरवशावर. मी ‘आई’ लिहायला जायची, करंगळी सवयीनं बाणावर पडायची, कर्सर टुणकन वर. काना वरच्या ओळीतल्या भलत्याच शब्दाला चिकटलेला, वेलांटी त्याच्याही वरच्या ओळीत. चुका काढायचे पैसे घेणारी बाई स्वतःच चुका पेरत चाललेली! ‘आणि’ हा शब्द मराठीत किती वेळा येतो, हे मला त्या वर्षी कळलं.

म्हणून आता दुकानात गेले की आधी प्रोसेसर विचारत नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच, तो सेटिंगमध्ये जाऊन सुरू करते आणि उभ्याउभ्या ‘आई आणि ऊस’ लिहून बघते. विक्रेता मुलगा गोंधळतो, गोंधळू दे.

दुसरी गोष्ट पडद्याची. सगळे इंच विचारतात, तो तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा आकडा. ११.६ इंची, १६:९ आकाराचा (म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९) पडदा पावणेसव्वीस सेंटिमीटर रुंद आणि साडेचौदा सेंटिमीटरही उंच नसतो. वर्डच्या पट्ट्या, खालची टास्कबार वजा केली की मजकुराला खिडकीची फटच उरते. माझा आताचा १२ इंची आहे, पण ३:२ आकाराचा. रुंदी जवळपास तेवढीच, उंची मात्र १७ सेंटिमीटरच्या आसपास. अडीच सेंटिमीटर म्हणजे चार-पाच ओळी. वाक्य कुठे सुरू झालं ते न सरकवता दिसतं. मला याहून मोठी चैन माहीत नाही.

पुढच्या माणसानं खुर्ची मागे रेलली की शेजारच्यांचे पंधरा इंची पडदे अडकतात. माझा वाचतो.

वेगाचं म्हणाल तर माझ्या या लॅपटॉपला पंखाच नाही. आवाज नाही, धूळ ओढली जात नाही. पण उष्णता बाहेर पडायची ती धातूच्या पाठीतूनच. त्यामुळे प्रोसेसर पहिली काही मिनिटं जोरात पळतो आणि तापला की आपण होऊन वेग उतरवतो. दुकानात पाच मिनिटं चालवून बघण्यात म्हणूनच अर्थ नसतो. तीनशे पानांची पीडीएफ, शेजारी वर्ड, ब्राउझरमध्ये दोन-तीन कोश, एवढ्यावर माझा कधी अडला नाही. मे महिन्यात भाचीनं त्यावर लग्नाचा व्हिडिओ जोडायला घेतला. वीस मिनिटांत मांडीवर ठेववेना आणि काम मुंगीच्या पावलानं. तिला मी मोठाच घ्यायला सांगितलं.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, लॅपटॉप घेतानाच बघून घ्या. असल्या बारीक लॅपटॉपांत ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवू म्हणणं म्हणजे लुगडं विणून झाल्यावर पन्हा वाढवायला सांगणं. आणि स्वस्तातल्यात ६४ जीबीची ईएमएमसी (स्वस्तातली, हळू चालणारी) साठवण असेल तर नकोच. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची साठवण असावीच लागते आणि त्यातली बरीच जागा ते स्वतःच अडवतं. तुमच्या फायली काय डोक्यावर ठेवणार?

वजन सांगतात ते चार्जर सोडून. आमच्या वाण्याच्या काट्यावर माझा लॅपटॉप एक किलो चाळीस ग्रॅम भरला, चार्जर तीनशे दहा.

परवा लोणावळ्याला चढलेल्या एका मुलाला मी हे शिफ्टपुराण अगदी रंगवून सांगितलं. त्यानं निमूट ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "तू मराठी कुठल्या कीबोर्डवर लिहितोस?"

"मी बोलून लिहितो, काकू."

आता याला काय सांगणार? म्हटलं, मग वजन बघ.