श्टुटगार्टमधील पहिले तीन आठवडे आणि एका सहीची किंमत

पुण्याहून जर्मनीतील श्टुटगार्टला बिऱ्हाड हलवताना आम्ही ज्यांचा ज्यांचा सल्ला घेतला, त्यांपैकी एकानेही आम्हाला घरमालकाच्या सहीविषयी सांगितले नाही. थंडी, भाषा, शाकाहारी जेवण आणि रविवारी बंद असणारी दुकाने यांविषयी मात्र प्रत्येकाने तासभर तरी ऐकवले. म्हणून या लेखात मी लोकरीचे कपडे, औषधे किंवा प्रेशर कुकर यांची यादी देणार नाही; परदेशी कुटुंब हलवणारा माणूस तेवढी तयारी करतोच असे मी धरून चालतो. आमचे तीन आठवडे ज्या एका कागदापायी वाया गेले, त्याविषयीच मला प्रामुख्याने लिहायचे आहे.

आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी, 2 ऑक्टोबर 2024 रोजी सायंकाळी पोहोचलो. नोकरी पत्नीची, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) तिचे, आणि कागदपत्रांचे खाते माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत विमान आणि विमानतळावरच्या स्थानकातून सुमारे सव्वा तासाची आयसीई ही वेगवान रेल्वे हा मार्ग उत्तम आहे, त्यात काही बदल करू नये. श्टुटगार्टचे मुख्य स्थानक मात्र 2010 पासून नव्या भुयारी स्थानकाच्या बांधकामात अडकलेले आहे आणि फलाटावरून शहराकडे येण्यासाठी तात्पुरत्या मार्गांवरून बरेच अंतर चालावे लागते. त्या दिवसांत शहराच्या कानश्टाट भागात बिअरची मोठी जत्रा भरलेली असते, त्यामुळे कातडी चड्ड्या घातलेल्या आनंदी गर्दीतून सहा मोठ्या बॅगा आणि एक झोपाळू मूल ओढत नेण्याचा योग आम्हाला आला.

खरा धक्का पुढे होता. आमचे तात्पुरते घर मारियेनप्लात्स या चौकाच्या वरच्या अंगाला होते आणि नकाशावर ते थांब्यापासून जेमतेम तीनशे मीटर दिसत होते. श्टुटगार्ट हे कढईसारख्या खोलगट भागात वसलेले शहर असून त्याच्या उतारांवर, पूर्वीच्या द्राक्षमळ्यांच्या वाटांवर, चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. त्यांना तेथे ‘श्टेफेले’ म्हणतात. त्या तीनशे मीटरांपैकी बराच भाग असा जिनाच होता. मी मोजल्या त्या 138 पायऱ्या, आणि बॅगांसाठी चार फेऱ्या. सिंहगड दर महिन्याला चढणाऱ्या माणसाने हे लिहावे याची मला लाज वाटत नाही, कारण सिंहगडावर कोणी 23 किलोची बॅग घेऊन जात नाही. घर ठरवण्यापूर्वी नकाशावर समोच्च रेषा पाहाव्यात आणि त्या दाट दिसल्यास ते घर सोडून द्यावे, मग भाडे कितीही कमी असो.

दुसऱ्या दिवशी 3 ऑक्टोबर, म्हणजे जर्मन एकीकरणाची सुट्टी होती आणि सगळी दुकाने बंद होती. योगायोगाने त्याच दिवशी घटस्थापना होती. घरात तांदळाची एक पिशवी, तांब्या आणि समईऐवजी कपाटात सापडलेली मेणबत्ती एवढ्यावर पत्नीने घट बसवला. माती मी जिन्याकडेच्या कुंडीतून मूठभर आणली. सुट्टीच्या दिवशी मोठ्या स्थानकात आणि विमानतळावर काही दुकाने उघडी असतात हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. त्यानंतरचे चार-पाच दिवस चांगले गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

आता त्या सहीकडे वळतो. जर्मनीत नव्या घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ‘ब्युर्गरब्युरो’मध्ये, आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. पुढचे सगळे गाडे त्यावर चालते: कर ओळख क्रमांक, बहुतेक बँकांचे खाते, ब्लू कार्डाचा अर्ज आणि मुलीची शाळा. प्राथमिक शाळा तर तेथे राहत्या पत्त्याच्या हद्दीप्रमाणेच ठरते. या नोंदणीसाठी पारपत्र पुरत नाही आणि भाडेकरारही पुरत नाही. ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ नावाचा, घर देणाऱ्याने सही केलेला एक पानी दाखला लागतो. हा शब्द पाठ करावा. आमच्या मुलीला तो माझ्याआधी पाठ झाला.

घराच्या जाहिरातीत ‘नोंदणी शक्य’ असे स्पष्ट लिहिले होते आणि त्या एका ओळीपायी आम्ही दोन लहान खोल्यांसाठी महिना 1,850 युरो मान्य केले होते. घर देणाऱ्या गृहस्थांना पहिल्या आठवड्यात मी तीनदा दाखला मागितला. पहिल्यांदा ते प्रवासात होते, दुसऱ्यांदा त्यांचा प्रिंटर बिघडला होता आणि तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे सांगितले की नोंदणी ही वेगळी सेवा असून तिचे 300 युरो प्रशासकीय शुल्क आहे, आणि तेही रोख. ‘शक्य’ या शब्दाचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला. बाराव्या दिवशी, मुदत संपत आल्याच्या धास्तीने, मी ते पैसे दिले. पावती मागितली नाही. या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मूर्खपणाची कृती हीच, आणि ती थकव्यामुळे घडली, अज्ञानामुळे नव्हे. काहीतरी खोट आहे हे मला कळत होते.

दुष्काळात तेरावा महिना असा की त्या दाखल्यावर केवळ पत्नीचे नाव होते. राहायला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, घर देणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तो स्वतः मालक नसेल तर मालकाचेही नाव, एवढ्या गोष्टी दाखल्यात असाव्या लागतात. 17 ऑक्टोबर रोजी खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्नीची नोंदणी केली आणि आम्हा दोघांकडे पाहून खांदे उडवले. तेव्हा मी, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि बराचसा हातवारे करून, सर्व हकीकत सांगितली.

त्यानंतर त्या बाईंनी जे सांगितले ते पुण्यातच कोणी सांगितले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू असलेल्या केंद्रीय नोंदणी कायद्याच्या कलम 19 नुसार हा दाखला देणे हे घर देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती मेहरबानी नाही आणि विकायची सेवा तर नाहीच. तो न दिल्यास त्याला 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, दाखला नाकारला गेल्यास भाडेकरूने ते कार्यालयाला ताबडतोब कळवले पाहिजे असेही त्याच कलमात आहे. म्हणजे आपण गप्प बसून वाट पाहतो तेव्हा आपणच चुकत असतो. बाईंनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि कार्यालयाकडून त्या गृहस्थांना पत्र गेले. सहाव्या दिवशी तिघांची नावे असलेला दाखला आमच्या दाराखालून आत सरकवलेला होता. 24 ऑक्टोबरला नोंदणी पूर्ण झाली. 300 युरो अद्याप परत आलेले नाहीत.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे: घराचा एक पैसाही देण्यापूर्वी, तिघे असाल तर तिघांच्या नावांसह, हा दाखला अमुक तारखेला विनामूल्य मिळेल असे ईमेलवर लिहून घ्यावे. उत्तर गोलमोल आले तर ते घर नाकारावे. अनामतीबाबतही सावध असावे. दीर्घ मुदतीच्या घरासाठी ती इतर खर्च वगळून मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून अधिक घेता येत नाही आणि तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. आमच्याकडे सगळी रक्कम एकरकमी मागितली गेली आणि आम्ही ती दिली, कारण तोपर्यंत आमच्यात वाद घालण्याची ताकद उरली नव्हती.

नोंदणी झाली तरी पत्रपेटीवर आपले नाव नसेल तर ती निम्मी वाया जाते. जर्मनीत सरकारी पत्रव्यवहार अजूनही टपालाने येतो आणि पेटीवर नाव नसेल तर टपालवाला पत्र परत नेतो; फ्लॅट क्रमांक पत्त्यात नसतोच. आमच्या गृहस्थांनी पेटीवर नाव लावायला मनाई केली होती. पत्नीचा कर ओळख क्रमांक त्यामुळे परत गेला, दुसऱ्यांदा मागवावा लागला आणि तोवर तिच्या पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने, कर कापला गेला. तो पैसा नंतर परत मिळतो, पण अनामत, भाडे आणि विमानभाडे यांनी खिसा रिकामा झालेला असताना ‘नंतर’ या शब्दाला फारसा अर्थ नसतो. कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून चिकटपट्टीने लावावे. कोणाला विचारत बसू नये.

विवाह प्रमाणपत्राविषयीही सांगतो. महापालिकेचे आपले प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी असते, तरीही आमच्याकडे शपथबद्ध अनुवादकाचे जर्मन भाषांतर मागितले गेले. ते नसल्यामुळे पत्नीची वैवाहिक स्थिती ‘अज्ञात’ अशी नोंदवली गेली. तेरा वर्षांच्या संसारानंतर हे वाचताना तिला हसू आले, मला आले नाही, कारण विवाहितांचा करवर्ग त्या शब्दावर अडला होता. जर्मन न्यायालयात शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून हे काम निघण्यापूर्वीच करून घ्यावे. ते दूरस्थपणेही करून देतात.

डिसेंबरात आम्ही कायमच्या घरात गेलो. ते घर स्वयंपाकघराविना, दिव्यांविना मिळाले, छतातून नुसत्या तारा लोंबत होत्या, आणि येथे हे सर्वसाधारण मानले जाते. आधीच्या भाडेकरूने जुना ओटा व कपाटे 3,500 युरोंना देऊ केली. आम्ही नाही म्हटले आणि दीड हजारांत वापरलेली मिळवली. दारावर आठवड्याला जिना झाडण्याच्या पाळीची पाटी अडकवलेली असते, तिचे पालन करावे. शेजारच्या आजी प्रत्येक पायरी पाहतात.

नव्या पेटीवर मी पहिल्याच दिवशी तिघांची नावे लावली. त्यात आलेले पहिले पत्र रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे होते: महिना 18 युरो 36 सेंट, घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो. शुल्क माणशी नसून घरटी असते, त्यामुळे दोघांना वेगवेगळी पत्रे आली तर एकाने दुसऱ्याचा शुल्क क्रमांक लिहून उत्तर पाठवावे, नाहीतर दोनदा भरत राहाल.